मामाच्या जागी

भालचंद्रराव केळवकर ज्या लग्नाला गेले नव्हते, त्या लग्नातला त्यांचा फोटो फार छान आला होता.

फोटोत ते भाचीचा हात धरून तिला बोहल्याकडे नेत होते. डोक्याला अबोली रंगाचा फेटा, अंगात मोतिया रंगाचा झब्बा, पोट आत, आणि चेहरा मुलीच्या मामाला शोभेल इतपतच भरून आलेला. भालचंद्ररावांनी आयुष्यात फेटा बांधला नव्हता, आणि त्यांचं पोट कुणाचं ऐकणाऱ्यांपैकी नव्हतं. पण बघणाऱ्याला हे कुठून कळणार? सांगलीत, मिरजेत आणि भाची केतकीच्या सासरी बंगळुरात, ज्या ज्या घरी तो फोटो होता त्या त्या घरी भालचंद्रराव लग्नाला हजर होते.

खरी गोष्ट अशी, की ते रुसले होते.

कारणही तसंच भक्कम होतं. त्यांची धाकटी बहीण सुलभा आणि तिचे यजमान मिरजेला अक्षत घेऊन आले, तेव्हा भालचंद्रराव न्हाव्याकडे गेले होते आणि त्यांची बायको हेमलता भिशीला. दाराला कुलूप. पाहुण्यांना अजून अर्धी मिरज उरकायची होती. त्यांनी पत्रिका आणि अक्षतांची पुडी खालच्या मजल्यावरच्या लिमयांकडे ठेवली आणि संध्याकाळी फोन केला. भालचंद्रराव म्हणाले, "आमंत्रण लिमयांना दिलंयत, लिमये जातील लग्नाला."

आणि लिमये खरोखर गेले. पोटभर जेवून आले आणि जिलबी कुरकुरीत होती असं वर येऊन सांगून गेले.

मुलीचा सख्खा मामा. तिला मांडवात आणायचं ते त्यानं, मंगलाष्टकं होईतो तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही त्यानं. सुलभाला दुसरा भाऊ नव्हता. मुहूर्ताच्या दिवशी सकाळी दाराशी गाडी येईल, बहीण स्वतः न्यायला येईल, अशा खात्रीनं भालचंद्रराव गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसून होते. तिकडे सांगलीत सुलभा कार्यालयाच्या दाराकडे डोळे लावून बसली होती, की दादा आत्ता येईल. दोघंही आपापल्या जागी बसून राहिली आणि लग्न लागलं.

हेमलता त्या दिवशी इचलकरंजीला बहिणीचा गुडघा बघायला गेली होती.

त्यानंतर बरीच वर्षं दिवाळीला फराळाचे डबे तेवढे जात-येत राहिले, माणसं नाही; केतकी तेवढी उन्हाळ्यात लेकीला घेऊन मामीला भेटून जाई. मधल्या काळात हेमलता वारली. सुलभा दहाव्याला आली, पाणी पिऊन गेली. भाऊ-बहीण काही बोलली नाहीत.

मग एक दिवस केतकीच्या लेकीचा, नभाचा, बंगळुराहून फोन आला. नभा तेव्हा शाळेत होती आणि शाळेनं 'माझं कुटुंब' असा काहीतरी प्रकल्प दिला होता. पडद्यावर तिच्या दोन शेंड्या आणि निम्मं कपाळ दिसत होतं.

"भालूआजोबा, आईच्या लग्नात तुम्ही कित्ती बारीक होतात!"

"कुठल्या लग्नात?"

"आईच्या! हा बघा ना फोटो. तुम्ही आईला मंडपात घेऊन चाललाय."

भालचंद्ररावांनी फोटो बघितला. पडद्यावर नभाच्या मागं केतकी उभी होती. जिचं लग्न, ती. आता इथे 'बाळ, मी नव्हतो गं त्या लग्नात' एवढं म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपती. पण त्यांच्या तोंडून निघालं, "तेव्हा रोज चालायला जायचो."

केतकीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

त्या वर्षी भाऊबीजेला सुलभा तबक घेऊन मिरजेला आली. फोटोबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आपल्याकडे भांडण मिटवायला कुणाची ना नसते, आधी कुणी बोलायचं एवढाच प्रश्न असतो. तो प्रश्न यंत्रानं सोडवला होता.

यंत्रानं हे कसं केलं, ते सांगायला हवं.

त्याआधीच्या काळात माणसं फार फोटो काढत. जेवायच्या आधी ताटाचा, जेवल्यावर ताटाचा, मधे शेजारच्याच्या ताटाचा. हे सगळे फोटो दूर कुठेतरी मोठमोठ्या कोठारांत साठत, आणि ती कोठारं थंड ठेवायला इतकी वीज आणि इतकं पाणी लागायला लागलं, की एका उन्हाळ्यात गावांना टँकर आणि फोटोंना नळ अशी वेळ आली. तेव्हा 'आठवणसाठा' नावाची नवी सेवा निघाली. तिचं म्हणणं साधं होतं. फोटो म्हणजे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग जपून ठेवण्यापेक्षा यंत्रानं फोटोकडे एकदा नीट बघावं आणि त्याचं सार लिहून ठेवावं: लग्नाचं कार्यालय, नवरी, तिचा हात धरून एक नातेवाईक, मागं झेंडूच्या माळा. चेहऱ्यांच्या खुणांचे मूठभर आकडे. बस्स. मूळ ठिपके पुसून टाकावेत. तुम्ही फोटो उघडलात, की यंत्र त्या सारावरून तो पुन्हा रंगवून देणार.

रंगवताना जिथे माहिती कमी पडेल, तिथे यंत्र 'बहुधा काय असेल' याचा अंदाज करी. आणि नव्यानं रंगवलेल्या फोटोचं पुन्हा सार काढून ठेवी. सारातून फोटो, फोटोतून सार. एकाच ताकात पुन्हा पुन्हा पाणी घालावं तसं. प्रत्येक खेपेला फोटो खऱ्यापासून इंचभर सरकून 'बहुधा'च्या इंचभर जवळ जाई. बहुधा माणसं हसत असतात, म्हणून सासवा हसायला लागल्या. बहुधा लग्नात सगळे येतात, म्हणून न आलेले आले. महाराष्ट्रातल्या लग्नात नवरीचा हात बहुधा मामानं धरलेला असतो, आणि या नवरीचा मामा कोण हे यंत्राला वंशावळीवरून ठाऊक होतं. त्यानं भालचंद्ररावांना उचललं आणि नेऊन मांडवात उभं केलं. बहिणीला जे जमलं नव्हतं, ते त्यानं विनातक्रार केलं.

लोकांना हे कळलं नाही, असं नाही. पण सुधारलेला फोटो कुणी परत करत नाही. कुरबूर झाली ती कोर्टात. चोर सांगायला लागले, की फोटोत मी आहे खरा, पण मी तिथे 'बहुधा' आहे. शेवटी फोनवरचा कुठलाही फोटो पुरावा धरायचा नाही असं ठरलं, आणि ज्या झटपट कॅमेऱ्यांना लोक खेळणं म्हणत, ते ठाण्या-कचेऱ्यांत मानानं परत आले.

हा कॅमेरा म्हणजे खटका दाबला की खालून पांढऱ्या काठाचा कागद बाहेर काढणारं ठोकळ्यासारखं यंत्र. कागदाच्या पोटात तीन थर असतात, एकेका रंगाच्या प्रकाशाला भुलणारे. प्रत्येकात चांदीच्या क्षाराचे कण आणि त्यांच्या शेजारी रंग. जिथे प्रकाश पडतो, तिथला रंग कणांशी अडकून बसतो. जिथे पडत नाही, तिथला सुटतो आणि सावकाश वर येतो. म्हणजे समोरच्या माणसाच्या अंगावरून निघालेला उजेड स्वतः येऊन कागदाला शिवलेला असतो. माणूस समोर नसेल, तर उजेड येणार कुठून? शिवाय या फोटोची दुसरी प्रत नसते, मूळही नसतं. जे आहे ते हातात. कागदाला अक्कल नसते, आणि ही त्याची फार मोठी सोय आहे.

नभाच्या पिढीला या कागदांचं वेड लागलं. आजन्म सुंदर दिसून ती मुलं कंटाळली होती.

म्हणून नभानं आपलं लग्न 'कागदी' करायचं ठरवलं. तिच्या एका मैत्रिणीच्या लग्नात फोटोंमध्ये हॉल तुडुंब होता आणि पंगतीत वाढपी एकमेकांना आग्रह करत होते. तसं तिला नको होतं. जो येईल त्याचा कागदावर फोटो, न येईल त्याचा नाही. लग्न सांगलीत, आजीच्या गावी. आणि तिला सख्खा मामा नव्हता, केतकी एकटीच. तेव्हा नभानं मिरजेला येऊन, भालचंद्ररावांच्या शेजारी बसून, त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "आईला तुम्ही नेलंत, मलाही तुम्हीच न्यायचं. मला तो फोटो फार आवडतो, आजोबा. मी लहानपणी झोपायच्या आधी बघायचे."

भालचंद्ररावांना नाही म्हणवलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना त्या मांडवाचा वाससुद्धा आठवायला लागला होता.

नभा गेल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे हेमलताच्या फोटोला हार घातला. त्यांना त्याचा अलीकडे शीण यायचा. जुने अल्बम पुराच्या वर्षी कृष्णामाईनं नेले होते. उरलं ते भिंतीवरच्या चौकटीत आठवणसाठ्यातून उजळणारं. हेमलता सावळी होती. नाकाशेजारी तीळ, दात किंचित पुढं, चष्म्याची एक काडी मोडली तेव्हापासून तिनं ती दोऱ्यानं बांधलेली. चौकटीत आधी दोरा गेला. मग चष्मा. मग तीळ, मग दात आत गेले, मग सावळेपणा. आता तिथे गोडेतेलाच्या जाहिरातीतल्यासारखी एक प्रसन्न गोरी बाई होती. तिला हार घालताना त्यांना परस्त्रीच्या गळ्यात हात घातल्यासारखं वाटे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी कार्यालयात नभानं त्यांना काम दिलं. पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस, दोरी सरळ बांधील असा तिचा कयास.

"आजोबा, आईच्या लग्नात तिच्या मैत्रिणीनं गंमत म्हणून असाच कॅमेरा आणला होता. त्याचा डबा मला आजीच्या माळ्यावर सापडला. हे सगळे चिमट्यांनी दोरीवर लावा ना. येणाऱ्यांना मजा वाटेल."

"आईला विचारलंस का?"

"सरप्राइज आहे!" असं म्हणून ती मेंदीला पळाली.

डबा प्लास्टिकचा होता. आत पत्त्यांएवढे फोटो. भालचंद्रराव एकेक काढून दोरीला लावायला लागले आणि लावता लावता मंदावले. कुणाचं अर्धंच डोकं आलेलं. कुणी आत्या जांभई देतेय. सुलभाचे दिवंगत यजमान घामानं डबडबून कुणावर तरी ओरडताहेत. लिमये जिलबी खाताहेत. एकही फोटो बरा नव्हता, आणि प्रत्येकातला माणूस ओळखू येत होता. माणसं अशी दिसत असत, हे ते विसरूनच गेले होते.

पुढचा फोटो त्यांनी चिमट्यात धरला आणि तसाच खाली घेतला.

नवरी केतकी मान खाली घालून चालली होती. तिचा हात मामानं धरायचा, तो एका बाईनं धरला होता. जांभळी इरकल, खोचलेला पदर, सावळा चेहरा घामानं चमकतोय, चष्म्याच्या काडीला दोरा. बाई थेट भिंगाकडे बघत होती, आणि अशी चिडलेली होती की फोटो काढणाऱ्यानं एक पाऊल मागं घेतलं असावं.

ती साडी इचलकरंजीला गुडघा बघायला जायची साडी नव्हती.

भालचंद्रराव खुर्ची शोधून बसले. त्या संध्याकाळी हेमलता परत आली, अंबाडा सोडला, आणि केसांतून फरशीवर तांदळाचे दाणे पडले होते. त्यांनी विचारलं होतं, तांदूळ कुठले? ती म्हणाली होती, बहिणीकडे निवडत बसले होते. एवढ्या लांब जाऊन तांदूळ निवडले याचं त्यांना नवल वाटलं नव्हतं. हेमलताविषयी नवल वाटून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

 निदान एक प्रत असावी, म्हणून त्यांनी फोन काढून फोटोवर धरला. नव्या फोनांचा कॅमेरा नुसता बघत नाही, बघताबघताच कल्पना करतो. पडद्यावर क्षणभर हेमलता दिसली. मग तिचा पदर झब्बा झाला, अंबाड्याचा फेटा झाला, चष्मा विरघळला. भालचंद्रराव केळवकर, पोट आत घेऊन, भरल्या डोळ्यांनी भाचीला नेत होते. खाली अक्षरं आली: 'जुन्या फोटोत किरकोळ चूक आढळली. दुरुस्त केली आहे.'

त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा यंत्रानं हेमलताला त्यांच्या मागं ठेवलं, पण झेंडूच्या कुंडीच्या रूपात.

मुलीकडच्या खोलीत सुलभा दोन खुर्च्यांवर पाय पसरून पडली होती. तिचीही सत्तरी उलटली होती आणि सकाळपासून ती प्रत्येकाला 'चहा झाला का' विचारत फिरली होती. भालचंद्ररावांनी फोटो तिच्यासमोर धरला.

"सुले, हे काय आहे?"

तिनं चष्मा वर केला, बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "सापडला होय. केतकी म्हणाली होती, फाडून टाकला म्हणून. तिला फाडवला नसेल."

"हेमा आली होती?"

"आली होती काय विचारतोस! भटजी घड्याळ बघतायत, मी दारात, आणि रिक्षातून ही उतरली. मला म्हणाली, तुमचा भाऊ काही येत नाही, तो इस्त्री करून बसलाय. मुलगी कुठाय? भटजी म्हणाले, मामाच लागतो. तर त्यांना म्हणते, मामा घरी आहे, त्याचा राग घरी आहे, मी इथे आहे. चालतंय का बोला, नाहीतर मुहूर्त तुम्हीच धरून बसा."

भालचंद्ररावांना हसू आलं आणि ते अर्ध्यात कुठंतरी अडकलं. "मला कुणी सांगितलं नाहीत."

"शपथ घातली होती तिनं. म्हणाली, त्यांना कळलं तर आपण हरलो असं वाटेल त्यांना, आणि हरलेल्या केळवकराबरोबर मला संसार करायचाय. तुम्हाला काय जातंय."

"ती गेल्यावर तरी सांगायचंत."

"ती गेली आणि तू फोटोत आलास." सुलभानं पाय खाली घेतले. "तू तिकडे पोरीला सांगितलंस, रोज चालायला जायचो. केतकी माझ्याकडे रडली फोनवर. म्हणाली, आई, मामीला काढून टाकलं गं मामानं. मी म्हटलं, गप्प बस. मला भाऊ हवा होता रे दादा. कसा आला, कुणाच्या जागी आला, याची चौकशी नव्हती करायची मला."

बाहेर मांडववाला शिडी हलवा म्हणून ओरडत होता. 

"ठेव तो खिशात," सुलभा म्हणाली. "घरी ने, उशाशी ठेव. तुला वहिनी मिळाली, झालं की. उद्या पोरीला घेऊन ये मांडवात. झालं गेलं."

"यंत्रानं तिची कुंडी केलीय, सुले."

"मग काय करू आता? थकले मी. नभाला कळलं ना, तर ती तुला उभं करायची नाही. शिंगं आहेत तिला, वहिनीसारखीच."

"नाही केलं तर नाही केलं."

"आणि मग तू परत रुसून घरी बसशील."

भालचंद्रराव फोटो घेऊन उठले.

नभा दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीनं भरून, पुतळ्यासारखी बसली होती. फोटो तिला हातात घेता येईना, म्हणून त्यांनी तो तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"अय्या, आई! किती घाबरलीये." मग ती पुढं वाकली. "ही कोण?"

"तुझी मामीआजी."

"छे. मामीआजी गोरी होती ना? आणि चष्मा कुठे होता तिला?"

नभा लहान असताना हेमलतानं तिला दोन उन्हाळे मांडीवर बसवून आमरस भरवला होता. मुलीला तो चेहरा आठवत नव्हता. चौकटीतली बाई आठवत होती.

"चष्मा होता," भालचंद्रराव म्हणाले. "हा बघ दोरा. हा तीळ. ही अशीच होती. बघ नीट, दुसरा नाही आता कुठे."

नभानं नीट बघितलं. "मग तुम्ही कुठे आहात?"

"घरी."

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. न्हावी, कुलूप, लिमये, खुर्ची. ऐकायला ते इतकं छोटं वाटलं, की मधेच त्यांनाच थांबून आठवावं लागलं, आणखी काही होतं का. आणखी काही नव्हतं.

"अक्षत खालच्या मजल्यावर ठेवली म्हणून?" नभा म्हणाली. ती आधी हसली. मग हसेनाशी झाली. "मी सगळ्यांना सांगितलंय आजोबा. ईशानला, होणाऱ्या सासूबाईंना. की बघा, आमचे आजोबा. वर्गात उभं राहून सांगितलं होतं मी. आणि तुम्ही म्हणालात, रोज चालायला जायचो."

"म्हणालो."

"का?"

"तू इतकी खूश होतीस. मग मीही झालो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मेंदीमुळे तिला ते पुसता येईना. भालचंद्ररावांनी खिशातला रुमाल काढला. तिनं मान बाजूला केली, मग परत वळवली आणि पुसू दिलं.

"उद्या मला आजी नेईल," ती म्हणाली. "तुम्ही नाही."

"बरं."

"रागावलात?"

"नाही. मागच्या खेपेला रागावून बघितलंय."

"पण यायचं. न्यायला कुणी येणार नाही. बोलवायला येणार नाही. स्वतः यायचं."

"येतो."

"आणि हा फोटो मधोमध लावा. सगळ्यांच्या वर."

दुसऱ्या दिवशी भालचंद्रराव मिरजेहून रिक्षानं आले, सनईवाल्यांच्याही आधी. कामाला कुणी लावलं नाही, फेटा कुणी बांधला नाही. ते दोरीपाशी उभे राहिले. येणारा जाणारा थबकून विचारी, ही कोण हो? आणि ते सांगत, ही माझी बायको, केतकीला मांडवात हिनं आणलं. काही जण फोन काढून बघत आणि म्हणत, पण इथे तर तुम्ही आहात. ते म्हणत, ते सोडा, हे बघा. पाहुणे वाढत गेले, प्रश्न तेच राहिले, पाय दुखायला लागले. ते हलले नाहीत. हेमलता वरून सगळ्यांकडे रागानं बघत होती आणि त्यांना फार दिवसांनी सोबत वाटत होती.

केतकी आली, फोटोपुढं थांबली.  मामाच्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली, तेवढ्यात कुणीतरी तिला हळदीकुंकवाची वाटी कुठाय म्हणून ओढून नेलं.

मुहूर्ताला सुलभा नातीला घेऊन आली. गुडघे दुखत होते म्हणून नक्की कोण कुणाला आणत होतं ते सांगणं अवघड होतं. भालचंद्रराव गर्दीत होते, उजव्या कडेला, एका जाड गृहस्थांच्या मागं. त्यांना अंतरपाट अर्धाच दिसत होता. शेवटच्या 'सावधान'ला त्यांनी अक्षता फेकल्या, त्या बहुतेक त्या गृहस्थांच्या टकलावर पडल्या. त्याच वेळी नभाच्या मैत्रिणीच्या कॅमेऱ्याचा खटका वाजला.

पंगत बसायच्या आतच फोनांवर फोटो फिरायला लागले. कागदी लग्न असलं तरी फोन खिशात ठेवण्याइतका संयम पाहुण्यांत नव्हता. सुलभानं आपल्या फोनवर बघितलं आणि फोन भावापुढं धरला. नभाचा हात धरून, अबोली फेटा बांधून, पोट आत घेऊन भालचंद्रराव तिला बोहल्याकडे नेत होते. सुलभाच्या जागी एक उंच समई होती.

"मला समई केलं मेल्यानं," सुलभा म्हणाली.

"निदान पेटलेली तरी आहेस."

"तुझा फेटा बघ. इतका सरळ कुणाचा बसतो?" तिनं फोन पालथा टाकला. "चल, जेवायला. पाय राहिले नाहीत."

तेवढ्यात नभाची मैत्रीण अक्षतांच्या वेळचा कागद सावलीत धरून आली. पांढऱ्या धुक्यातून रंग सावकाश वर येत होते. आधी लाल, मग गर्दीचे कपडे, मग चेहरे. नवरा-नवरी अर्धी कापली गेली होती. मधोमध टक्कल होतं. आणि उजव्या काठाशी, एक कान बाहेर राहिलेला, तोंड उघडं, हात वर, असा एक म्हातारा.

"हा बिघडलाच," मैत्रीण म्हणाली. "टाकून देते. दुसरा काढू तुमचा, आजोबा?"

"टाकू नका. मला द्या."

"अहो, यात तुमचे डोळेसुद्धा मिटलेत."

"मिटू देत," भालचंद्रराव म्हणाले. "आहे ना मी त्यात."